कोणत्या वाटेने कॉकपिटमध्ये यावे?

डिचोलीहून तुम्ही विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. तुम्ही १९ वर्षांचे आहात, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि तुम्हाला विमान कंपनीत वैमानिक व्हायचे आहे. वडील कर्ज काढून आताच फ्लाइंग स्कूलला पाठवायला तयार आहेत. वास्कोचे मामा नौदलातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, सैन्यदलात न उडालेला वैमानिक म्हणजे नुसता बटणे दाबणारा माणूस. तेव्हा आधी पदवी घ्यावी, नौदलात वैमानिक व्हावे आणि मग विमान कंपनीकडे वळावे. २०० तासांच्या अनुभवावर प्रवासी विमानात बसणारा मुलगा खरोखर कच्चा असतो का, आणि कोणत्या वाटेने आलेला वैमानिक शेवटी सरस ठरतो, असे तुम्ही विचारले आहे.

मी फोंड्याचा. विमान चालवायला शिकलो महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबात, दोन वर्षे तिथेच प्रशिक्षक होतो, नंतर काही वर्षे एटीआर (पंख्याच्या इंजिनांचे लहान प्रवासी विमान) आणि मग एअरबस ए३२० हे जेट विमान चालवले. गेली अकरा वर्षे माझा बराचसा वेळ सिम्युलेटरमध्ये, इतरांना शिकवण्यात आणि तपासण्यात जातो. मी सैन्यदलात कधीच नव्हतो. त्या वाटेविषयी जे लिहीन ते माझ्या शेजारी बसलेल्या किंवा माझ्यासमोर प्रशिक्षण घेतलेल्या माणसांवरून लिहीन, हे आधीच सांगणे योग्य.

मला वाटते तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पहिला कौशल्याचा आहे: कोणती पार्श्वभूमी हाताला आणि मनाला काय शिकवते? दुसरा कारकिर्दीचा आहे: कोणत्या वयात, ज्येष्ठतेच्या यादीत कोणत्या क्रमांकावर आणि किती कर्ज डोक्यावर घेऊन तुम्ही विमान कंपनीत पोहोचता? मामा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत आणि वडील दुसऱ्याचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण एकाच्या उत्तराने दुसऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

कौशल्याबाबत माझे मत एका वाक्यात असे आहे: प्रत्येक वाट वैमानिकाला काही सवयी लावते, त्यांतल्या काही प्रवासी विमानात जशाच्या तशा उपयोगी पडतात, काही मोडाव्या लागतात, आणि काही गोष्टींची तर ती वाट ओळखच करून देत नाही. आपल्या वाटेने आपल्याला काय शिकवले नाही, हे ज्याला नेमके ठाऊक असते तो पुढे चांगला वैमानिक होतो, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आधी तासांविषयी, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, व्यावसायिक परवाना मिळवायला एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांत १०० तास विमानाचे प्रमुख म्हणून, ठरावीक लांबीचे क्रॉस-कंट्री उड्डाण, उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण आणि रात्रीचे उड्डाण यांचा समावेश असतो. पुढे कॅप्टन होण्यासाठी जो एटीपीएल परवाना लागतो त्याला १,५०० तास हवेत. हे आकडे नियमासाठी ठीक आहेत. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, एकाच रकान्यात लिहिलेला तास प्रत्येक वेळी एकाच वजनाचा नसतो. लढाऊ विमानाची एक फेरी अनेकदा तासाभरात संपते आणि त्या तासात वैमानिकाला क्षणाचीही उसंत नसते. गोवा ते दिल्ली या सुमारे अडीच तासांच्या उड्डाणात मात्र विमान प्रत्यक्ष हाताने चालवण्याचा वेळ बहुधा सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही मिनिटांपुरताच असतो. एटीआरवरचा सहवैमानिक दिवसाला चार-चार लँडिंग पाहतो, तर लांब पल्ल्याच्या विमानावरच्या माणसाला ९० दिवसांत तीन लँडिंगची अट पूर्ण करण्यासाठी कधीकधी सिम्युलेटरमध्ये यावे लागते. म्हणून कोणी लॉगबुक पुढे केले की मी एकूण बेरजेआधी लँडिंगचा रकाना पाहतो, आणि त्याहीआधी ते तास कोणत्या हवामानात, कोणाच्या शेजारी बसून झाले आहेत ते विचारतो.

अमेरिकेतले उदाहरण येथे बोलके आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे क्यू४०० हे विमान उतरण्याच्या तयारीत असताना कोसळले आणि ५० माणसे दगावली. विमानाचा वेग घटत गेला, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा म्हणून कंट्रोल कॉलम (नाक वर-खाली करणारा दांडा) थरथरला, आणि अशा वेळी नाक खाली करायचे असते तिथे कॅप्टनने कॉलम मागे ओढला. या अपघातानंतर अमेरिकन संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तास आवश्यक झाले. पण त्या रात्रीच्या कॅप्टनकडे तीन हजारांहून अधिक आणि सहवैमानिकेकडे दोन हजारांहून अधिक तास होते. म्हणजे नवा नियम आधीपासून असता तरी दोघेही त्यात बसले असते. शिवाय त्याच नियमात सैन्यदलातून आलेल्याला ७५० आणि विमानविद्येची चार वर्षांची पदवी मान्यताप्राप्त संस्थेतून घेतलेल्याला १,००० तासच पुरतात. तासांचे वजन सारखे नसते, हे तो नियम स्वतःच मान्य करतो.

आता सैन्यदलाची वाट. गोव्यात राहणाऱ्याला हा विषय समजावणे सोपे आहे, कारण दाबोळी हा नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे आणि आपण तिथून प्रवास करतो तो त्या तळावरच्या नागरी भागातून. तिथे किनाऱ्यावरच विमानवाहू नौकेच्या डेकसारखी टोकाला वर चढत जाणारी पट्टी आणि विमान अडवणारी तार अशी सोय केलेली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तेजसच्या नौदल आवृत्तीने तारेच्या साहाय्याने उतरण्याची पहिली चाचणी तिथेच केली. नौकेवर उतरणारा वैमानिक विमान ठरलेल्या कोनात, ठरलेल्या वेगाने, शेवटपर्यंत त्याच उतरंडीवर ठेवतो आणि तसेच डेकवर टेकवतो. जमिनीजवळ आल्यावर नाक हळूच उचलून विमान अलगद टेकवणे, ज्याला आम्ही फ्लेअर म्हणतो, ते तिथे करायचे नसते. आणि चाके टेकताक्षणी तो इंजिनाची शक्ती वाढवतो, कारण हुक तारेत अडकला नाही तर पुन्हा हवेत जाण्यासाठी त्याला एवढाच क्षण मिळतो.

प्रवासी विमानात हे दोन्ही उलटे आहे. ए३२० जमिनीपासून साधारण ३० फुटांवर आले की फ्लेअर सुरू करायचा आणि थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे दांडे, पूर्ण मागे घ्यायचे. विमान स्वतः २० फुटांवर तशी आठवण करून देते. लिव्हर पुढे ढकलले तर पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे उचल मोडणाऱ्या पट्ट्या, उघडणार नाहीत आणि विमान धावपट्टीवर बसणार नाही. नौकेवर उतरण्याचा मोठा अनुभव असलेले एक अधिकारी माझ्याकडे टाइप रेटिंगसाठी, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेसाठी, आले होते. अतिशय शांत, अभ्यासू माणूस; मला न येणाऱ्या अनेक गोष्टी त्यांना येत होत्या. पहिल्या तीन सत्रांत त्यांची लँडिंग उत्तम झाली. चौथ्या सत्रात, तिसऱ्या तासाला, आडव्या वाऱ्यात, एका इंजिनावर, थकलेल्या अवस्थेत त्यांनी विमान फ्लेअर न करता टेकवले आणि त्यांचा डावा हात लिव्हर घेऊन पुढे गेला. एअरबसमध्ये उजव्या आसनावर बसलेल्या सहवैमानिकाचा उजवा हात साइडस्टिकवर (आसनाच्या बाजूच्या, विमान वळवणाऱ्या छोट्या दांड्यावर) आणि डावा थ्रस्ट लिव्हरवर असतो, अगदी लढाऊ विमानासारखाच. त्यामुळे जुनी सवय नव्या जागी बिनबोभाट येऊन बसली होती. ती ताजेपणी दिसली नाही, थकव्यात दिसली. त्यानंतर मी अशा प्रशिक्षणार्थींची शेवटची लँडिंग मुद्दाम सत्राच्या अखेरीस ठेवतो. जुनी सवय अजून कुठे शिल्लक आहे, हे त्यांनाही कळते.

लढाऊ विमानातून आलेल्यांची खरी अडचण मात्र हाताची नसते, ती बोलण्याची असते. एकट्याने विमान चालवणारा माणूस मनातल्या मनात पाहतो, ठरवतो आणि करून मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा त्याचा निर्णय बरोबरही असतो. पण प्रवासी विमानात शेजारच्याला न सांगता केलेली बरोबर कृतीसुद्धा अर्धवट मानली जाते, कारण चूक झाली असती तर ती पकडण्याची संधी शेजारच्याला मिळालीच नसती. त्याच माणसांकडे दुसरी एक देणगी असते, ती मी इतर कुठे इतकी पाहिलेली नाही. उड्डाणानंतर बसून स्वतःची चूक सर्वांसमोर, नेमक्या शब्दांत आणि कसलीही सारवासारव न करता सांगणे. ही शिस्त त्यांच्यात मुरलेली असते. इंजिनाला आग लागल्याचा सराव चालू असतानाही त्यांचा आवाज चढत नाही.

आणि मामांना एक गोष्ट आदराने सांगावीशी वाटते: नौदलाचा वैमानिक म्हणजे केवळ लढाऊ वैमानिक नव्हे. नौदल आणि तटरक्षक दल यांची डॉर्नियर २२८ विमाने दोन वैमानिक मिळून चालवतात, तासन्‌तास समुद्रावर कमी उंचीवरून, पावसातून आणि मिठाने धूसर झालेल्या हवेतून. या वाटेने आलेला माणूस दोघांच्या कॉकपिटला सरावलेला असतो आणि माझ्या अनुभवात विमान कंपनीत सर्वांत लवकर तोच रुळतो. हेलिकॉप्टरचे वैमानिक वाऱ्याच्या बाबतीत विलक्षण जागरूक असतात, पण उंचीवरून खाली येण्याचा हिशेब त्यांना नव्याने शिकावा लागतो. दर हजार फुटांना साधारण तीन सागरी मैल हा आमचा ढोबळ हिशेब. म्हणजे ३५,००० फुटांवरून गोव्याला उतरणाऱ्या विमानाला सुमारे दोनशे किलोमीटर आधीपासून खाली यावे लागते. शिवाय हेलिकॉप्टरचे तास विमानाच्या परवान्यासाठी मर्यादितच धरले जातात, हेही त्या वाटेने जाणाऱ्याने आधीच तपासावे.

माझ्या स्वतःच्या वाटेबद्दल, म्हणजे फ्लाइंग क्लब आणि तिथली प्रशिक्षकाची नोकरी, मला कृतज्ञता वाटते, आणि तिने लावलेली एक वाईट सवय मोडायला मला फार दिवस लागले. सेस्नासारख्या लहान विमानात दोन्ही बाजूंचे कंट्रोल एकमेकांना जोडलेले असतात. विद्यार्थ्याचा हात चुकतो आहे असे दिसले की प्रशिक्षक आपल्या बाजूने हलकेच दाब देतो. विद्यार्थ्याला तो हाताला जाणवतो आणि दोघे मिळून विमान सावरतात. दोन वर्षे दिवसातून दहा वेळा मी हेच केले. एअरबसच्या साइडस्टिक मात्र एकमेकींना जोडलेल्या नसतात. दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर संगणक दोन्ही हालचालींची बेरीज करतो, शेजारच्याच्या हाताला काहीच जाणवत नाही, आणि कॉकपिटमध्ये दोघांचे हात एकाच वेळी चालू असल्याचा इशारा ऐकू येतो. कॅप्टन झाल्यानंतर पहिल्याच पावसाळ्यात, एका नवख्या सहवैमानिकाच्या लँडिंगच्या वेळी, मी सवयीने ‘मदत’ केली. बेरीज जास्त झाली, विमान तरंगत पुढे गेले आणि टेकण्याची जागा चुकू लागली. मी बटण दाबून विमानाचा ताबा घेतला, गो-अराउंड केला, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर गेलो, आणि दुसऱ्या प्रयत्नात उतरलो. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती, आणि तिचा मी लेखी अहवाल दिला. तेव्हापासून माझा नियम सोपा आहे: एक तर बोलायचे, नाहीतर पूर्ण ताबा घ्यायचा, मधली वाट नाही.

पण त्याच दोन वर्षांनी मला जे दिले ते दुसऱ्या कशाने मिळाले नसते. विद्यार्थी शंभर प्रकारे चुकतो आणि प्रशिक्षकाला ती चूक घडण्याआधी तीन सेकंद दिसू लागते. कॅप्टनला हीच नजर लागते. परवाना मिळाल्यावर लगेच विमान कंपनीत जागा मिळाली नाही तर मुले खचतात. तो काळ प्रशिक्षक म्हणून घालवता आला तर मी त्याला वाया गेलेला काळ अजिबात म्हणणार नाही.

एटीआरची वाटही मला महत्त्वाची वाटते, आणि आता ती आपल्या दारात आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०२४ पासून फ्लाय९१ ही गोव्यातली कंपनी एटीआर ७२ विमाने चालवते. ही कंपनी लक्षद्वीपमधल्या अगत्तीला जाते. तिथली धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांबीची आणि दोन्ही टोकांना पाणी. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट असल्यामुळे जुलैमधल्या ढगांच्या वरून जाण्याची सोय नसते. त्यांच्यामधून किंवा बाजूने वाट काढावी लागते. पंख्याच्या इंजिनांमुळे रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या पट्टीच्या पेडलवर, पाय सतत जागा ठेवावा लागतो. या विमानावर तीन पावसाळे काढलेला सहवैमानिक रडारच्या पडद्यावरचा लाल डाग ज्या नजरेने पाहतो, ती नजर वर्गात शिकवता येत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे, म्हणजे २०० तासांच्या मुलाकडे. हा मुलगा कच्चा असतो असे मी म्हणणार नाही. त्याचे काही भाग पक्के आणि काही अगदी कोरे असतात. चांगल्या कॅडेट प्रशिक्षणातून आलेल्या मुलांची कार्यपद्धती स्वच्छ असते, ठरलेले शब्द ते ठरलेल्या वेळी बोलतात, ऑटोपायलटशी त्यांची जवळची ओळख असते, आणि त्यांना मोडावे असे फारसे काही नसते. जगभर याच विचाराने २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एमपीएल नावाचा परवाना मान्य झाला. त्यात २४० तासांचे प्रशिक्षण, बरेचसे सिम्युलेटरमध्ये, पहिल्यापासून दोघांच्या कॉकपिटसाठी दिले जाते.

त्यांची कोरी जागा वेगळी आहे. एकट्याने हवेत असताना हवामान बिघडले, इंधन मोजावे लागले, आणि कोणालाही न विचारता ‘परत फिरायचे’ असे ठरवावे लागले, हा प्रसंग त्यांच्यापैकी अनेकांवर कधी आलेलाच नसतो. सिम्युलेटरमध्ये मी दाबोळीचा एक प्रसंग नेहमी देतो. सगळे ठरल्याप्रमाणे चालले असताना नियंत्रक ऐनवेळी धावपट्टीची दिशा बदलतो आणि डोळ्यांनी पाहून उतरायला सांगतो. नौदलाच्या तळावर असे होणे काही नवलाचे नाही. अनुभवी माणूस संगणकातली नोंद सोडून देतो, खिडकीबाहेर पाहतो आणि उंची-वेगाचा हिशेब मनात करतो. नवखा मुलगा मान खाली घालून नवी माहिती भरत बसतो आणि तेवढ्यात विमान उंचावर, वेगात, धावपट्टीच्या फार जवळ येते. अशा वेळी त्याने १,००० फुटांवर सरळ गो-अराउंड केला तर मी त्याला पूर्ण गुण देतो. ज्या मुलांना ही आपली कोरी जागा आहे हे समजते, ती पहिल्या पाचशे तासांत, हवामान स्वच्छ असेल आणि कॅप्टन परवानगी देत असेल तेव्हा, ऑटोपायलट थोडा आधी सोडून हाताने उडवण्याचा सराव मागून घेतात. ज्यांना समजत नाही, त्यांच्याबद्दल मामांचे शब्द खरे ठरण्याचा धोका आहे. पण तो धोका सैन्यदलातून आलेल्या आणि दहा वर्षे ऑटोपायलटवर विसंबलेल्या कॅप्टनलाही तितकाच आहे.

पार्श्वभूमी ऐनवेळी कशी कामाला येते याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण २३ जुलै १९८३ चे आहे. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना इंधनाचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात इंधन संपून दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर चालवणारे होते, आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटाल पूर्वी कॅनडाच्या हवाई दलात असताना गिमली येथील तळावर राहिलेले होते. तो जुना तळ जवळ आहे हे एकाला ठाऊक होते, आणि उंची जास्त होते आहे म्हणून विमान तिरके घसरवत खाली आणण्याची ग्लायडरची युक्ती दुसऱ्याला येत होती. विमानातली सगळी ६९ माणसे वाचली. पण ही गोष्ट सांगताना तिचा आधीचा भाग गाळला जातो. इंधन संपले ते किलो आणि पौंड यांच्या हिशेबातल्या गोंधळामुळे, आणि तो हिशेब या दोघांच्याही हातून तपासला गेला होता. ग्लायडरचा अनुभव किंवा हवाई दलाची शिस्त त्या क्षणी उपयोगी पडली नाही. उलट उदाहरणही आहे. १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ए३३० मध्ये ज्या सहवैमानिकाने नाक वर ओढून धरले, त्याच्याकडे ग्लायडरचाही परवाना होता, असे अधिकृत अहवालात नोंदलेले आहे. तुम्हाला ग्लायडिंगची किंवा एनसीसीच्या हवाई विभागात मायक्रोलाइटची संधी मिळाली तर ती जरूर घ्या. मात्र तेवढ्याने आपला हात कायमचा तयार झाला असे समजू नका.

अजून एक मुद्दा, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. २२ मे २०१० रोजी आपल्याच किनाऱ्यावर, मंगळूरला, एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. सहवैमानिकाने गो-अराउंड करण्यास एकाहून अधिक वेळा सुचवले होते. कॅप्टनकडे दहा हजारांहून अधिक तास होते. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलू नये हा संस्कार असतो, आणि तो मला प्रिय आहे. पण कॉकपिटमध्ये तो जसाच्या तसा नेता येत नाही. पार्श्वभूमीतले अंतर जितके मोठे, म्हणजे एका बाजूला वीस वर्षे हुकूम दिलेला अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला वर्षभरापूर्वी फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडलेला मुलगा, तितके हे बोलणे अवघड होते. म्हणून अशी जोडी सिम्युलेटरमध्ये आली की मी कॅप्टनला खासगीत सांगतो की एक चूक मुद्दाम करा. शेजारचा मुलगा बोलतो की नाही ते दोघांनाही पाहू द्या. पहिल्यांदा बहुतेक मुले गप्प बसतात. तिसऱ्यांदा बोलतात, आणि त्या दिवशी मला माझे काम झाले असे वाटते.

कौशल्याचा भाग इथे थांबवतो आणि कारकिर्दीच्या हिशेबाकडे येतो. तो रुक्ष आहे पण तुमच्यासाठी निर्णायक आहे. विमान कंपनीत तुमची ज्येष्ठता बहुधा रुजू होण्याच्या तारखेपासून मोजली जाते. कॅप्टनची जागा, विमानाचा प्रकार, कोणत्या शहरात राहायचे, सुट्ट्या, या सगळ्यांवर त्या यादीचा परिणाम होतो, आणि ६५ व्या वर्षी प्रवासी विमान चालवणे थांबते. २३ व्या वर्षी सहवैमानिक झालेला मुलगा, वर्षाच्या १,००० तासांच्या कमाल मर्यादेत राहून, दोन-तीन वर्षांत १,५०० तास ओलांडू शकतो आणि परिस्थिती अनुकूल असेल तर तिशीच्या आसपास कॅप्टन होतो. नौदलाच्या अल्पकालीन सेवेत वैमानिक होण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागते आणि ती सेवा साधारण दहा ते चौदा वर्षांची असते. म्हणजे तुम्ही साधारण ३२ ते ३७ व्या वर्षी बाहेर पडाल, त्यानंतर नागरी परवान्याचे सोपस्कार आणि टाइप रेटिंग, आणि मग तुमच्यापेक्षा वयाने लहान कॅप्टनच्या शेजारी सहवैमानिक म्हणून सुरुवात. अल्पकालीन सेवेला निवृत्तिवेतन नसते; ते साधारणपणे २० वर्षांच्या सेवेनंतर मिळते. मामा ज्या वाटेला सुरक्षित म्हणत आहेत तिचा हा हिशेब त्यांच्यासमोर जरूर मांडा.

वडिलांच्या बाजूलाही धोका आहे. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. अशा वेळी नुकताच परवाना मिळालेला आणि डोक्यावर पन्नास लाखांच्या घरातले कर्ज असलेला मुलगा रांगेत सर्वांत मागे असतो. म्हणून पदवी अर्धवट सोडून जाण्याच्या मी विरोधात आहे. तुमची दोनच वर्षे उरली आहेत. ती पूर्ण करता करता डीजीसीएच्या एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स या विषयांचा अभ्यास घरी सुरू करता येतो, आणि पदवी हाती असेल तर नौदलाचे दारही उघडे राहते.

त्या दाराबद्दल एवढेच म्हणेन की, विमान कंपनीची पायरी म्हणून नौदलात जाऊ नका. तिथे देश तुमच्यावर खर्च करतो तो वेगळ्या कामासाठी, आणि त्या कामात जीव जाण्याचीही शक्यता असते. उद्या विमान कंपनीचा मार्ग कायमचा बंद झाला तरी डॉर्नियरमधून समुद्रावर गस्त घालण्यात मला समाधान वाटेल, असे तुम्हाला मनापासून वाटत असेल तर मामांचे ऐका. तसे वाटत नसेल तर पदवीनंतर थेट फ्लाइंग स्कूलला जा आणि त्यात कोणताही कमीपणा मानू नका.

दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी, आणि वडिलांनी बँकेत कोणताही कागद सही करण्याआधी, वैद्यकीय तपासणी करून घ्या. आधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे क्लास २ आणि मग क्लास १. डोळ्यांची रंगओळख, कान आणि हृदयाची तपासणी यांत काही निघाले तर ते आताच कळलेले बरे. माझ्या फ्लाइंग क्लबातल्या एका मित्राला ते पूर्ण पैसे भरल्यावर कळले होते. तपासणी झाली की मला कळवा. पुढे कोणत्या फ्लाइंग स्कूलमध्ये महिन्याला प्रत्यक्ष किती तास मिळतात हे कसे तपासायचे, ते मी तुम्हाला सांगेन.